अक्काच्या हातचा भोवरा

अक्कानं माझ्या डोक्यावरून हात काढला, तो तापल्या तव्यावरून काढावा तसा.

"बाई, तुम्ही परत जा," ती म्हणाली.

बाई! तुम्ही! जिनं मला न्हाऊ घातलं, शाळेत जाताना रोज कचाकचा वेण्या घातल्या, ती माझी सख्खी थोरली बहीण जयसिंगपूरच्या घराच्या उंबऱ्यात उभी राहून मला अहोजाहो करत होती. माझ्या दोन्ही हातांत बॅगा. मिरजेचं घर मी रिकामं करून आले होते. आमचं ठरलंच होतं तसं. ती ब्याऐंशीची, मी अठ्ठ्याहत्तरची. उरलेली वर्षं दोघींनी एका छपराखाली काढायची.

"अक्का, अगं मी कुंदा."

"आवाज तिचाच आहे. मागच्या वेळीही तिचाच होता."

दार लागलं. आधी कडी वाजली, मग अडसर.

माझ्या डोक्यावरच्या भोवऱ्यापायी हे झालं. ते कळायचं तर आधी आमच्या घरातला धंदा सांगायला हवा.

आमचे आप्पा नाटकवाल्यांचे टोप करत. राजाचे, ऋषीचे, विधवेचे, म्हातारीचे. मिरजेत खणभागातल्या आमच्या दोन खोल्यांत एक लांब फळी होती आणि तिच्यावर लाकडी डोकी ओळीनं मांडलेली असत. आम्ही त्यांना ठोकळे म्हणायचो. ठोकळ्यावर जाळी ताणायची आणि बारीक आकड्याच्या सुईनं एकेक केस जाळीत गाठायचा. एका टोपाला महिना-दीड महिना लागे. सातव्या वर्षी त्या फळीवरचा एक ठोकळा माझ्या डोक्यात पडला. उजव्या कानामागं खोक पडली, नऊ टाके आले आणि हाडाला कायमचा खळगा पडला. त्या फळीखालून जायला मी पुढं कधी धजले नाही.

मला त्या धंद्याचा कंटाळा होता. अक्काची मात्र बोटं त्यासाठीच घडलेली. आप्पा तिला सांगत, "शैले, टोप ओळखायचा तर समोरून नको बघू. भोवरा बघ. देवानं केलेला भोवरा माणसाला गाठता येत नाही." अक्कानं ते मनावर घेतलं. पन्नास वर्षं ती टोप करत राहिली आणि तिचा भोवरा भल्याभल्यांना ओळखता येईना. पुढं काचबिंदूनं तिची दृष्टी गेली. ती म्हणाली, "गेली तर गेली. केस काय डोळ्यांनी गाठतात होय?"

चार वर्षांपूर्वी माझे केस गेले. डॉक्टर म्हणाले, अंगातल्या राखणदार पेशीच उलटल्यात आणि केसांच्या मुळांवर तुटून पडल्यात. दोन महिन्यांत डोकं नारळासारखं झालं. गुडघ्यापर्यंत नाही, पण कमरेपर्यंत वेणी होती माझी. आरशासमोर उभं राहिलं की मला आप्पांच्या फळीवरचा ठोकळा दिसायचा.

अक्कानं कुणाला न सांगता अकरा महिने बसून माझ्यासाठी टोप केला. केस माझेच. मी तिच्याकडं राहायला गेले की विंचरल्यावर जी गुंतवळ निघायची, ती तिनं वर्षानुवर्षं पिशवीत भरून ठेवली होती. गुंतवळीचं काम सगळ्यात किचकट. तिच्यात कुणाचं मूळ वर, कुणाचं खाली. केसावर माशासारखे खवले असतात, मुळाकडून शेंड्याकडं निजलेले. उलटसुलट केस एकत्र गाठले तर खवल्यात खवला अडकून दोन दिवसांत टोपाचं घरटं होतं. म्हणून अक्का प्रत्येक केस दोन बोटांत ओढून बघायची. गुळगुळीत लागला तर सुलट, खरखरीत लागला तर उलटा. असे हजारो केस. तेही आंधळ्या बाईनं.

आणि मी तो टोप एक दिवस घातला. उजव्या कानामागं जाळीत एक जाडसर गाठोडं होतं, ते सारखं टोचत होतं. मला वाटलं, डोळे नाहीत, चुकलं असेल. वैतागून मी म्हणाले, "अक्का, राहू दे आता हे. म्हातारीच्या सोंगाचा टोप वाटतो."

तिनं सुया गोळा करून डबीत घातल्या. मी टोप बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि डब्यासकट पुण्याला मुलीकडं गेले. तिथं केस उगवून देणारं नवं केंद्र निघालं होतं. नवकुंतल. सगळं मिळून दहा महिने लागणार होते.

त्या दहा महिन्यांत दुसरी चूक झाली. तीही माझीच.

अक्काचा मुलगा मकरंद परदेशात. त्यानं आईसाठी सोबतीण पाठवायचं ठरवलं. आता घरोघरी असतात त्या. चालतात, बोलतात, भाकरी थापतात, गोळ्या देतात. हात ऊन, कातडी खरी. म्हणजे कारखान्यात वाढवलेली, पण पेशी खऱ्या. मकरंदनं मला फोन केला. "मावशी, आई परक्या आवाजाला दार उघडायची नाही. तुझा आवाज दिला तर?"

"तिला सांगशील ना ते यंत्र आहे म्हणून?"

"सांगेन की हळूहळू."

मी पुण्याच्या खोलीत बसून त्यानं धाडलेली चाळीस वाक्यं फोनवर वाचून दाखवली. अक्काला बरं वाटेल, एवढाच विचार केला. पुढं मी जयसिंगपूरला फोन लावला की सोबतीणच घ्यायची आणि माझ्याच आवाजात मला सांगायची, "अक्का झोपलीये, बरी आहे." आणि मी बरं म्हणून ठेवून द्यायचे! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मकरंदनं काही सांगितलं नाही. अक्काला वाटलं, कुंदा आली राहायला. डोक्याला सोबतिणीच्या गणवेशाचा रुमाल होता. तिला वाटलं, टकलामुळं बांधला असेल, विचारून कशाला दुखवा. आठ महिने ती त्या यंत्राशी बोलली. आप्पा, आई, नाटकवाले, तिचं मोडलेलं लग्न, सगळं सगळं. एका दुपारी माया दाटून आली म्हणून तिनं रुमालाखाली हात घातला. हाताला केस लागले. दाट, सरळ, आणि माथ्यावर डावीकडून वळलेला परका भोवरा.

तिनं तासाभरात ते यंत्र घराबाहेर काढायला लावलं. मकरंदचा काय, कुणाचाच फोन घेईना. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मी आले, नवे केस घेऊन. रुमाल नाही, टोप नाही, कमाल करून दाखवायची म्हणून. तिनं हात पुढं केला, थेट माथ्यावर. हाताला लागले दाट, सरळ केस आणि डावीकडून वळलेला तोच भोवरा.

समोरच्या बिल्किसभाभींनी मला हे सगळं सांगितलं आणि त्यांची माडी दिली. खिडकीतून अक्काचं दार दिसायचं. दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्या दारापाशी जाऊन बसले. भाभी माझ्या वतीनं भांडल्या.

"अहो अक्का, मी बघतेय ना डोळ्यांनी. तुमची बहीणच आहे."

"तुला दिसतं, म्हणून तू फसतेस," आतून उत्तर.

माझी स्मरणशक्ती चांगली. घरात तिचा लौकिक आहे. मी दाराला तोंड लावून एकेक आठवण सांगायला लागले. आईच्या हातची हुलग्याची पिठी. आप्पांनी चुकून ऋषीची दाढी राजाच्या पेटीत घातली आणि राजा दाढी लावून सिंहासनावर बसला तो प्रयोग. तू दहावीला नापास झालीस तेव्हा मी माझं प्रगतिपुस्तकही लपवलं ते.

"हे सगळं मी तिला सांगितलंय," अक्का म्हणाली.

"फळीवरून ठोकळा पडला होता बघ माझ्या डोक्यात. नऊ टाके. खळगा चाचपून बघ हवा तर."

आत काहीतरी हातातून पडलं. मग, "तेही सांगितलंय. खळगा काय, पाडून घेता येतो."

सत्तर वर्षांच्या आठवणी जिवापाड जपून ठेवल्या, आणि त्या एका यंत्राच्या पोटात आधीच जाऊन बसलेल्या. माझ्याकडं माझं म्हणून पुराव्याला काही उरलं नव्हतं. मी चिडून दारावर लाथ मारली. अंगठा सुजला.

"लाथ नवी आहे," अक्का आतून म्हणाली. "शिकवलेली दिसतेय."

अकराव्या दिवशी मी पुण्याची गाडी धरली.

नवकुंतलमध्ये आधी दीड तास एका पडद्यानं माझी तक्रार समजून घेतली. "आपले केस गळत आहेत का? होय किंवा नाही म्हणा." नाही. "केसांचा रंग पसंत नाही का?" नाही. "तक्रार आढळली नाही. धन्यवाद." तीन वेळा धन्यवाद झाल्यावर मी माझी काठी पडद्यावर आपटली, तेव्हा डॉक्टर ऋत्विजा बाहेर आल्या. तिशीतली गोड मुलगी. माझे केस तिनंच उगवले होते.

"आजी, केस तर सुंदर आलेत!"

"केस सुंदर आहेत. भोवरा माझा नाही."

ती हसली. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं आणि कागदावर चित्र काढून मला समजावू लागली. मला ते आवडलं, राग होता तरी.

ती म्हणाली, कातडीचे थर असतात. वरची बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा, त्याखाली चरबी. केस चरबीतून उगवत नाही की नुसता वर चिकटलेलाही नसतो. कणकेच्या गोळ्यात बोट दाबावं तशी वरची त्वचा खालच्या थरात खोल उतरते आणि एक अरुंद पिशवी तयार होते. पिशवीच्या तळाला खालच्या थराचा एक बारीकसा कोंब घुसलेला असतो, त्यात रक्तवाहिन्या. हा कोंब आणि त्याच्या भोवतालच्या पेशी यांचं सारखं बोलणं चालतं. कोंब म्हणतो, वाढा. पेशी दुपटी-चौपटीनं वाढतात, एकमेकींना वर ढकलतात, वर जाता जाता कडक होतात आणि मरतात. त्या मेलेल्या पेशींची दोरी म्हणजे आपण विंचरतो तो केस. जिवंत काय ते खालीच.

"तुमच्या डोक्यावरचं हे बोलणं बंद पडलं होतं. आम्ही तुमच्या भुवईतून ते कोंब घेतले, लाखांनी वाढवले, तुमच्याच त्वचेच्या पातळ चादरीत पेरले आणि दोन थरांचं बोलणं पुन्हा सुरू करून दिलं. चादर डोक्यावर रुजली."

"मग भोवरा?"

इथं ती जरा अडखळली. "प्रत्येक पिशवी तिरकी असते. केस कुठल्या बाजूला कलायचा ते आईच्या पोटात ठरतं, चौथ्या-पाचव्या महिन्यात, कातडी ताणली जात असताना. ते एकदाच ठरतं. चादरीतल्या पेशींना आई कुठली? त्यांना कल आपण द्यावा लागतो. साच्यातून."

"किती साचे आहेत?"

"बायकांसाठी एक."

"एक?"

"आजपर्यंत कुणी विचारलंच नाही हो, आजी. लोकांना केस हवे असतात."

"आणि सोबतिणीच्या डोक्यावरची कातडी कुठून येते?"

तिनं खाली बघितलं. "तो कारखाना आमचाच."

मला हसावं की रडावं कळेना. लाखो बायका आणि लाखो यंत्रं, सगळ्यांचा माथा एकाच वळणाचा, आणि हे कळलं फक्त जयसिंगपूरच्या एका आंधळ्या म्हातारीला.

डॉक्टर ऋत्विजा वाईट नव्हती. म्हणाली, तुमच्या मूळ भोवऱ्याचा नकाशा मिळाला तर खास साचा करू, नवी चादर लावू. मागून काढलेला फोटो आहे का? मी मुलीला घरातले सगळे फोटो पालथे घालायला लावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांत माझा पाठमोरा एकच फोटो निघाला, माझ्या लग्नातला. त्यात माथ्यावर हा एवढा गजरा!

मग मला डबा आठवला.

मुलीच्या कपाटात वरच्या खणात तो तसाच पडला होता. टोप बाहेर काढला आणि पहिल्यांदा नीट बघितला. माथ्यावर, मध्यापासून बोटभर उजवीकडं, केस हळूहळू वळत गेले होते. आत घट्ट, बाहेर सैल, आणि एक आडमुठी बट वळण मोडून कपाळाकडं निघालेली. लहानपणी त्या बटेला अक्का खोबरेल थापून दाबायची. तिनं ती बटसुद्धा गाठली होती.

डॉक्टर ऋत्विजानं टोप हातात घेतला आणि तिचे डोळे चमकले. "हे कुणी केलं? अहो, प्रत्येक केसाचा कल बरोबर आहे! याच्यावरून साचा होईल. चौदा महिने लागतील."

"होऊ दे. टोप कधी परत मिळेल?"

"परत... नाही मिळणार. प्रत्येक गाठीचा कोन मोजायला एकेक केस सोडवावा लागेल."

समोरच्या आरशात माझी दाट केसांची छबी होती. चार वर्षांनी मी आरशाला भ्यायचं थांबले होते. चौदा महिन्यांनी खरा भोवरा, माझ्या कातडीतून उगवलेला. अक्का तेव्हा त्र्याऐंशी ओलांडलेली. असली तर.

"द्या तो इकडं," मी म्हणाले.

"आजी, विचार करा. हा तर नुसता टोप आहे. तो उगवलेला केस असेल."

"अगं बाई, उगवलेलं खोटं निघालं म्हणूनच तर आले ना तुझ्याकडं!"

जयसिंगपूरला स्टँडसमोरच्या सलूनमधली मुलगी वस्तरा हातात घेऊन उभीच राहिली. "आजी, एवढे केस! नवस आहे का?"

"वैताग आहे."

"पण हे परत येणार बघा. मुळं खाली आहेत." तिला डॉक्टरएवढंच कळत होतं, आणि फुकट सांगत होती. "दर आठ दिवसांनी यावं लागेल."

"येईन."

केस भराभर खाली पडले. चार वर्षं रडून, दहा महिने सुया टोचून घेऊन मिळवलेले. तिनं झाडूनं कोपऱ्यात लोटले. मी तिकडं पाहिलं नाही.

अक्काच्या दारापाशी बसून मी हाक मारली नाही. आवाजाचा उपयोग नव्हता. खिडकीच्या गजांतून टोप आत धरला आणि दुसऱ्या हातातली काठी गजांवर वाजवत राहिले. मग आत पावलं वाजली आणि टोप माझ्या हातातून ओढला गेला.

ती त्याच्यावरून बोटं फिरवत होती. गजांतून मला तिचा चेहरा दिसत होता, तिला माझा नाही. बोटं भोवऱ्यावर थांबली, बटेवर आली.

"माझा हात आहे," ती म्हणाली. मग आवाज चढला. "कुंदाच्या घरातून चोरलास काय गं?"

मी गजांवर डोकं आपटलं. खरंच आपटलं. आता यापुढं काय करायचं माणसानं!

तो आवाज ऐकून ती थबकली. "घालून बघते," ती म्हणाली. मग अडसर निघाला, कडी निघाली. दार वीतभर उघडलं.

"वाक."

मी वाकले. माझ्या गुळगुळीत डोक्याला तिनं हात लावला नाही. ठोकळ्यावर चढवावा तसा टोप दोन्ही हातांनी माझ्यावर चढवला. उजव्या कानामागं ते गाठोडं पुन्हा टोचलं.

"टोचतंय," मी म्हणाले. "तेव्हाही टोचत होतं."

"पुढं घातला असशील. हिरॉइनीसारखा. तुला कधी टोप घालता आलाय?" तिनं कानशिलापाशी धरून तो बोटभर मागं ओढला आणि खाली दाबला. ते जाडसर गाठोडं घसरलं आणि माझ्या हाडाच्या खळग्यात जाऊन बसलं, चिंचोका त्याच्या घरात बसावा तसं. टोचायचं थांबलं. डोकं हलवलं तरी टोप हलेना.

अक्काचा अंगठा त्या जागी तसाच दाबलेला होता.

"बसला," ती म्हणाली.

"बसला."

"दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बसला नसता. गोल डोक्यावर तर नाहीच."

"मग हे गाठोडं तू मुद्दाम..."

"मग काय, आंधळी म्हणून चुकले? हेच वाटलं ना तुला?"

तेच तर वाटलं होतं.

अक्कानं श्वास घेतला. "ठोकळा फळीवरून पडला नव्हता, कुंदे."

"म्हणजे?"

"मी फेकला होता. तू माझी वेणी कापलीस, टोपाला केस हवेत म्हणून. राग आला, हाताला लागला तो फेकला. आप्पांना सांगितलं, फळीवरून पडला. शुद्धीवर आलीस तेव्हा तुला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, तुलाही तेच सांगितलं."

एकाहत्तर वर्षं मी त्या बिचाऱ्या फळीला शिव्या घातल्या होत्या.

"हे मात्र त्या बाईला सांगितलं नव्हतं मी," अक्का म्हणाली. "सगळं सांगितलं. हे सांगायला तोंड उघडेना. म्हटलं, हे कुंदालाच सांगायला हवं."

तिनं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली.

"चपला बाहेर काढ. आणि मान सरळ ठेव, मागची बट बसलेली नाही."

मी मान सरळ ठेवली. तिनं फणी घेतली आणि लहानपणी ओढायची तशीच कचकन ओढली. टोपाला ते दुखत नाही. पण मी ओरडले.